न आलेला बिबट्या

वैशाख लागला की आमच्या बुऱ्हाणपुरात सकाळ फार लवकर म्हातारी होते. सहाला जरा गारवा असतो, सातला उन्हाला धार येते आणि आठला रस्त्यावरची कुत्रीसुद्धा सावली धरतात. कॉलेजचे पेपर म्हणूनच सकाळी लवकर ठेवतात. गल्लीतले पावरलूम तेव्हा नुकते सुरू झालेले असतात आणि त्यांच्या खडखडाटातून कुठल्यातरी गच्चीवरचं घोकणं तुटक तुटक ऐकू येतं. अंगणात कडुलिंबाची वाळकी फुलं सांडलेली असतात. मग मुली निघतात. हातात पॅड, ओठ पुटपुटत असलेले. त्याच वेळी मोठ्या रस्त्यावरून केळीचे ट्रक जातात, घडांवर झाकलेली पानं वाऱ्यानं फडफडत. परीक्षा आणि केळीची कापणी, दोन्ही आमच्याकडे एकाच उन्हात येतात.

लहानपणी मला हा ऋतू आवडायचा. आता तो नकोसा वाटतो. गेल्या वैशाखापासून हे असं झालं आहे.

वसंत माझा मावसभाऊ. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणतो. जसोंडीला त्याची केळीची बाग आहे, थोडा कापूस आहे, आणि घर बागेच्या मधोमध. त्या बागेत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम मागे राहतं. आत हिरवा काळोख, ठिबकच्या नळ्यांखाली भिजलेल्या मातीचा वास, घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या. वर पानं एकमेकांना घासतात तेव्हा वाटतं, शेजारच्या ओळीतून कुणीतरी आपल्या बरोबरीनं चालतंय. लहानपणी सुट्टीत आले की मी त्या आवाजाला घाबरायचे. मावशी म्हणायची, केळी बोलते, बोलू द्यावं तिला.

वसंतची मुलगी दीपाली. एकवीस वर्षांची, गेल्या साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रोज सकाळी बागेतल्या वाटेनं चालत डांबरी रस्त्याला यायची, तिथून ऑटोनं शहरात. कॉलेज माझ्या घराच्या मागच्याच रस्त्याला. त्यामुळे दुपारी तिचा मुक्काम माझ्याकडे असे. येताना बरोबर बहुतेक मानसी असायची. मानसी तिच्याच वर्गातली, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. वडील नाहीत, आई ब्लाऊज शिवते, माझेही तीच शिवते. दोघी कूलरसमोर चटईवर आडव्या पडून एकाच पुस्तकात डोकी घालायच्या, आणि अभ्यासापेक्षा हसणंच जास्त ऐकू यायचं. मी शिकवणीच्या लहान मुलांना ओरडायचे, त्यात या दोघींनाही ओरडून घ्यायचे.

तो फोटो आला तेव्हा मी चहा गाळत होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता, खाली हिंदीत लिहिलं होतं, ‘जसोंडी शिवार में तेंदुआ. बच्चों को अकेला मत छोड़ो.’ तेंदुआ म्हणजे आपला बिबट्या. फोटोत केळीच्या दोन ओळी होत्या, घडांवर निळ्या पिशव्या, तिरपं पडलेलं संध्याकाळचं ऊन, आणि मधल्या वाटेवर तो बसलेला. पुढचे पाय जुळवून, मान ताठ, डोळे थेट आपल्याकडे. खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला तो देखणा वाटला. मग ती वाट ओळखीची वाटायला लागली आणि हातातली गाळणी तशीच राहिली.

दुपारपर्यंत तोच फोटो मला पाच जणांनी पाठवला. मी स्वतः ओळखीतल्या दोन बायकांना पाठवला. काळजीनं पाठवतो आपण. काळजी असली की खरं-खोटं विचारायला सवड राहत नाही. संध्याकाळी दीपालीचा फोन आला तर गाव बदललेलं. शेळ्या घरात बांधल्या होत्या. पोरं ओट्यावरून खाली उतरेनात. कापणीवाल्या मजुरांनी सांगून टाकलं होतं, ऊन वर येईस्तोवर बागेत पाय ठेवणार नाही. माणसं घोळक्यानं, हातात काठ्या घेऊन, थाळ्या वाजवत पाणी बघायला जाऊ लागली. कुणी म्हणालं डरकाळी ऐकली, कुणी म्हणालं कुत्रा नेला. तो कुत्रा दोन दिवसांनी लंगडत परत आला, पण तोवर त्याला नेल्याची गोष्ट बरीच पुढे गेली होती.

फॉरेस्टवाले आले. ओल्या मातीत पंज्यांचे ठसे शोधत ओळीओळीनं फिरले. मुंगसाचे सापडले, मोराचे सापडले. तोवर तोच फोटो खकनारच्या नावानं फिरायला लागला होता, मग चांदनीच्या नावानं. एकच बिबट्या, तीच ऐट, तेच ऊन, तीन गावांत एकाच वेळी बसलेला. फॉरेस्टच्या साहेबांनी चौकात सगळ्यांना समजावून सांगितलं की हा फोटो कुणी काढलेलाच नाही. फोनवर चार शब्द लिहायचे, केळीची बाग, बिबट्या, संध्याकाळ, की चित्र तयार होऊन समोर येतं. हल्ली हे फुकट मिळतं, कुणालाही येतं. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांचं म्हणणंही ग्रुपवर आलं, पण ते कुणी पुढे पाठवलं नाही. एक म्हातारे काका म्हणाले, हे लोक नेहमी लपवतात.

माझं माहेर नेपानगरचं. वडील भुसावळकडून येऊन तिथल्या कागदाच्या कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. आमच्या वसाहतीत वर्तमानपत्राच्या कागदाचा वास भिंतींना असायचा. वडिलांचा त्या कागदावर फार विश्वास. छापून आलंय ना, मग आहे, असं ते म्हणायचे आणि आई हसायची. छापलेलं सगळं खरं नसतं हे त्यांनाही ठाऊक असणार. पण त्या काळी खोट्यालाही कष्ट पडायचे. खिळे जुळवा, शाई लावा, गठ्ठे बांधा, रेल्वेत चढवा. इतक्या हातांतून जाताना एखादा हात तरी अडखळायचा. आता खोट्याला वाटेत हातच लागत नाहीत. अंगठा तेवढा लागतो, आणि तो माझाही लागला होता.

गावाची भीती आठवड्याभरात सैल पडली. पोटापुढे बिबट्या किती टिकणार? मजूर बागेत गेले, पोरं नदीवर गेली. दीपाली मात्र कॉलेजात आली नाही. तिचं एक प्रॅक्टिकल हुकलं. मी फोन केला तर उचलला रेखानं, वसंतच्या बायकोनं. म्हणाली, दीपूचा फोन तिच्या पप्पांनी कपाटात ठेवलाय, जनावराचा काय भरवसा, म्हणून बाहेर सोडत नाहीत. जनावराचा आणि फोनचा काय संबंध, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

मग एका दुपारी दीपालीनं आईच्या फोनवरून मला लावला. हळू आवाजात बोलत होती.

“आत्या, तो फोटो फेक आहे, सबको पता है. पप्पांना पण माहितीये. तरी जाऊ देत नाहीत. पुढच्या सोमवारी पहिला पेपर आहे.”

दुसऱ्याच दिवशी मी जसोंडीला गेले. रेखानं कैरीचं पन्हं दिलं. दीपाली दारात उभी होती, घरातल्या घरात राहून चेहरा उतरलेला. वसंत बागेतून आला, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, डोक्याला रुमाल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी माझं म्हणणं मांडलं. घरून येताना वाटभर ते जुळवलं होतं, आणि त्याला उत्तर असेल असं मला वाटलंच नव्हतं. दीपालीला परीक्षा होईस्तोवर माझ्याकडे राहू दे. सेंटर माझ्या मागच्या रस्त्याला. ना बाग, ना पहाटेची वाट, शहरात कुठला आलाय बिबट्या? मी स्वतः सोडीन, स्वतः आणीन.

रेखाचा चेहरा खुलला. तिनं दीपालीकडे पाहिलंसुद्धा. वसंत खाली बघत म्हणाला, “नको ताई. घरीच राहू दे तिले.”

मी म्हटलं, मग वर्ष? तर म्हणाला, पुढच्या साली देईल. पुढच्या साली बिबट्या नसेल का, असं मी विचारलं तेव्हा तो उठला आणि पाणी बघायचंय म्हणून परत बागेत निघून गेला.  दीपाली आत गेली. भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, इतक्या सावकाश कुणी भांडी लावत नाही.

मी त्याच्या मागोमाग गेले. ऊन उतरायला लागलं होतं. तो ओळींमधून पुढे चालला होता, एकटा, हातात काठीसुद्धा नाही. वाकून नळी सरळ करत होता, वाळकं पान ओढून काढत होता, पाठीमागं काय आहे याची त्याला फिकीर नव्हती. वर पानं वाजत होती. बिबट्याला भिणारा माणूस असा चालत नाही. मला ते तिथंच लख्ख कळलं, आणि आता तो कशाला भितो आहे हे विचारावं लागणार होतं.

मी म्हटलं, “वसंता, खरं सांग.”

त्यानं हातातलं वाळकं पान खाली टाकलं. मग बांधावर बसला. जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, माझ्याकडे न बघता.

बिबट्याचा फोटो यायच्या आधी, केळीच्या मंडीत लिलाव व्हायची वाट बघत वसंत आणि बाकीचे शेतकरी बसले होते. एकानं फोन पुढे केला, हे बघ म्हणाला. फोन हातोहात फिरत होता, लोक हसत होते. वसंतच्या हातात आला. फोटोतली मुलगी मानसी होती. चेहरा मानसीचा. बाकी सगळं यंत्रानं रचलेलं, जसं तिच्या आईनं कधी बघू नये तसं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काढलेल्या फोटोवरून कुणीतरी ते बनवलं होतं. तो मूळ फोटो वसंतनं पाहिलेला होता, दीपालीनंच घरी दाखवला होता. त्यात मानसीच्या शेजारी दीपाली उभी होती. बनवणाऱ्यानं तिला कापून टाकलं होतं. पण मानसीच्या खांद्यावर ठेवलेला हात तसाच राहिला होता.

“तो हात माह्या पोरीचा होता ताई,” वसंत म्हणाला. “मनगटावर घड्याळ होतं. मीच घेऊन देल्लं.”

मी विचारलं, मग तू काय केलंस?

“काही नाही. फोन पुढच्याच्या हातात देला.”

त्यानं टपकणारी नळी बोटानं दाबून धरली. मग तो म्हणाला की फोटो खोटा आहे हे त्याला एका क्षणात समजलं होतं, मानसी घरी येऊन जेवून गेलेली पोर, तिला तो ओळखत होता. तरी बाकीचे हसले तसं त्याचंही तोंड थोडं हसल्यासारखं झालं. ते हसू त्याला झोपू देत नव्हतं. दीपालीला काय सांगणार? रेखाला काय सांगणार? बाप असून हे तोंडातून कसं काढायचं? तेवढ्यात गावात बिबट्याचा फोटो आला. सगळे पोरींना घरात घ्या म्हणायला लागले. त्याला बरंच झालं.

“जनावराचं नाव घेता येते,” तो म्हणाला. “याचं नाव काय घेऊ? आन् पोरीले घरात ठेवून तरी काय, फोटो तर तिचे सगळीकडं आहेत.”

मला त्याचा राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी तो आठ वर्षांचा असताना विहिरीच्या काठावर माझा हात घट्ट धरून उभा राहायचा तसा दिसला. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला त्या बांधावर पहिल्यांदा समजलं.

मग मला मानसी आठवली. दोन आठवडे ती माझ्याकडे आली नव्हती. दीपाली येत नाही म्हणून ही येत नसेल, असं मी धरून चालले होते. तिच्या आईला ब्लाऊजचं विचारायला गेले होते तेव्हा दार अर्धंच उघडलं होतं आणि पोरीला ताप आहे असं तिनं सांगितलं होतं. बरी झाली की पाठवा म्हणून मी परत आले होते.

त्या संध्याकाळी मी जसोंडीलाच राहिले. जेवणाआधी दीपाली आणि मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. वारा पडलेला, बाग एकदम गप्प. तिला किती आणि कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते. तिनंच माझं काम सोपं केलं, किंवा अवघड केलं म्हणा.

“आत्या, पप्पांनी मानसीचा फोटो पाहिला ना?”

तिला सगळं माहीत होतं. बापाच्या आधीपासून माहीत होतं. मुलींच्या वर्गात तो फोटो आधी पोचला होता. मानसीनं रडत रडत तिलाच पहिला फोन केला होता. वर्गातल्या मुलींनी एका दुपारी बसून आपापले सगळे फोटो पुसून टाकले होते, वाढदिवसाचे, सहलीचे, मेंदीच्या हातांचेसुद्धा. मंडीतून आल्यावर पप्पा तिच्याकडे बघेनासे झाले, तेव्हाच तिनं ओळखलं. मग बिबट्याचं निघालं आणि तीही त्याच्यामागं लपली. पप्पा बिबट्या म्हणत होते तोवर तिला त्यांच्या डोळ्यांत बघता येत होतं. म्हणून ती फक्त फोटो फेक आहे, फोटो फेक आहे एवढंच म्हणत राहिली. कुठला फोटो, हे दोघांनीही कधी म्हटलं नाही.

एका घरात बाप आणि लेक, दोघंही एकमेकांना वाचवत बसलेले, आणि मधे एक नसलेलं जनावर. मी म्हटलं, आता पुरे. वसंतला हाक मारली. तो आला, ओट्याखालीच उभा राहिला. मी काही बोलण्याआधी दीपाली उठली आणि म्हणाली, “पप्पा, मला माहीत आहे. मंडीतलं.”

वसंतनं डोक्याचा रुमाल काढला. तोंड पुसलं. पुसतच राहिला. रेखा आतून कणकेच्या हातांनी बाहेर आली, तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं, आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मी सांगितलं. ती रडली नाही. हात न धुताच ती दीपालीला धरून बसली, दीपालीच्या बाहीला पीठ लागलं.

दीपालीचं मागणं एकच होतं. ती परीक्षेला बसणार आणि मानसीलाही घेऊन जाणार. वसंतनं पहिलं लगेच मान्य केलं. दुसऱ्यासाठी तो रविवारी सकाळी मोटारसायकल काढून माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ताई, तू चाल माझ्यासंग, एकट्याच्यानं व्हणार नाही.

मानसीच्या आईनं आम्हांला बसवलं. शिलाई मशिनवर कापड पडलेलं होतं, दारं-खिडक्या बंद, खोलीत उकाडा साठलेला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि पलीकडे मानसी आहे हे कळत होतं, आमचं ऐकायला ती पंखा मध्येच बारीक करत असावी. चहा आला. मी परीक्षेचं बोलले, पोलिसांत तक्रार करण्याचं बोलले, आपण सगळे बरोबर आहोत असं काहीबाही बोलले. ती बाई ऐकत होती. तिनं एवढंच म्हटलं की तक्रार केली तर ज्यांनी नाही पाहिला तेही शोधून पाहतील.

मग वसंत बोलला. इतका वेळ कप हातात धरून बसला होता.

“वहिनी, तो फोन माह्या हातात आला होता. मी थांबवला नाही.”

ती उठली. त्याच्या हातातला कप घेतला, त्यात चहा अर्धा होता, आणि आत घेऊन गेली. परत आली नाही. आम्ही थोडा वेळ तसेच बसलो.  मग उठलो, चपला घातल्या, आणि दार आमचं आम्हीच ओढून घेतलं. गल्लीत आल्यावर वसंतला मोटारसायकलची किल्ली लागेना. शेवटी मी ती त्याच्या हातातून घेऊन लावली.

दीपालीनं परीक्षा दिली. रोज वसंत तिला सोडायला यायचा आणि पेपर सुटेस्तोवर कडुलिंबाखाली उभा राहायचा. कितीतरी बाप तसे उभे असायचे, फोनमध्ये माना घातलेले. वसंत फोन खिशातून काढायचा नाही. मानसी आली नाही. तिची जागा पेपरभर रिकामी असायची, दीपाली सांगायची, आणि पर्यवेक्षक रोज तिथं लाल पेनानं गैरहजर लिहायचे. हे सांगताना ती उन्हातून आलेली असायची, तोंडावर पाणी मारायची आणि बराच वेळ टॉवेल काढायची नाही.

पावसाळ्यात मानसीची आई आपण होऊन माझ्याकडे आली. तक्रार करायची म्हणाली. आम्ही दोघी पोलिस ठाण्यात गेलो. तिथल्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, उगाच काही विचारलं नाही. फोटो नेटवरच्या एका जागेवरून निघाला, महिन्याभरानं दुसरीकडे दिसला. तिथून निघाला. अजून कुठं असेल, कुणाच्या फोनमध्ये झोपलेला असेल, कोण सांगणार? बनवणारा सापडलेला नाही. कदाचित रोज आमच्याच गल्लीतून जात असेल, कदाचित बसमध्ये उठून एखाद्या म्हातारीला जागा देत असेल. मला हाच विचार छळतो. बिबट्याचे निदान ठसे शोधता येतात.

वसंतबद्दल एक सांगायला हवं. मंडीत पुन्हा कधीतरी कुणी असाच फोन पुढे केला. वसंतनं न बघता तो उलटा करून लाकडी फळीवर ठेवला आणि म्हणाला, ही कुणाची तरी पोर आहे. लोक हसले. त्याला महाराज म्हणायला लागले, अजून म्हणतात. त्याच्या घडांना काय, कुणाच्याही घडांसारखाच भाव मिळतो, पण लिलावाआधीच्या गप्पांत त्याच्याजवळ आता कुणी बसत नाही. हे मला रेखानं सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

यंदाच्या चैत्रात तोच बिबट्या परत आला. दुसऱ्या गावाच्या नावानं, तीच निळ्या पिशव्यांची वाट. आता ग्रुपवर लोक त्याला हसतात. खोटं ओळखायला आपण शिकलो, याचा थोडा अभिमानही असतो त्यात. मला मात्र हसू आलं नाही. मंडीतल्या त्या फोटोलाही लोकांनी खोटा म्हणूनच ओळखलं होतं. ओळखल्यानं काय थांबलं?

आणि मग वैशाख लागला. एका सकाळी मानसीचा फोन आला. वर्षभरानं तिचा आवाज ऐकत होते, ओळखायला क्षण लागला. तिनं बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला होता, आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. सेंटर तेच. म्हणाली, “काकू, पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोबत याल का? दीपालीला नका बोलावू, ती आली तर मला रडू येईल.”

आम्ही दोघी चालत निघालो. तिनं चेहरा स्कार्फनं पूर्ण बांधला होता, फक्त डोळे दिसत होते. त्यात काही विशेष नव्हतं, या उन्हात आमच्याकडच्या सगळ्याच मुली बांधतात.   गेटवर रांग होती. पुढे एका टेबलाशी एक मॅडम प्रवेशपत्र बघत होत्या, पत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवत होत्या, आणि एकेकीला आत सोडत होत्या. रांगेत मुलं होती, मुली होत्या, कुणीतरी खिदळत होतं, कुणी शेवटची पानं चाळत होतं.

तिची पाळी आली. मॅडमनं हातानंच खूण केली, चेहरा दाखव. मानसीनं मागची गाठ सोडली. स्कार्फ उलगडायला तिला वेळ लागला. मग तिचा चेहरा दिसला. वर्षभर ऊन न लागलेला, फिका, कपाळावर घामाचे थेंब. मॅडमनं पत्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. परत पत्राकडे पाहिलं. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ, असं मला वाटलं. उकाड्यानं त्या थकल्या असतील. किंवा फोटो जुना होता म्हणून असेल. किंवा कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं असेल. मला कळायला मार्ग नव्हता आणि मानसीलाही नव्हता. यापुढे कुणीही तिच्याकडे क्षणभर जास्त पाहिलं तर ते कशासाठी, हे तिला कधीच कळणार नाही.

मॅडमनं काहीच विचारलं नव्हतं. तरी मानसी म्हणाली, “मैं ही हूँ मॅडम.”

मॅडमनं पेनानं खूण केली आणि पुढच्या मुलीच्या पत्रासाठी हात पसरला.